आईच्या ताटातली जात



आधी एक शब्द उचलून बाहेर फेकू. कुपोषण. सरकारी इस्त्रीतला शब्द. सेमिनारमध्ये चहात बुडवून खाता येईल इतका मऊ. या शब्दात कुणी उपाशी नसतं नि उपाशी ठेवणाराही कुणी नसतो. देवी आल्या, पटकी आली, तसं कुपोषण आलं. माझ्या आजीला हा शब्द ठाऊक नव्हता. तिला भूक ठाऊक होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची नि चार पोरांत वाटायची. वाटून उरलं तर तिचं. उरत नव्हतं. पण भूक कुणी दिली हे तिला पक्कं कळत होतं. शेत कुणाचं, विहीर कुणाची, खळ्यावरचं धान्य कुणाच्या कणगीत जातं, हे तिला रोज दिसत होतं. शिकलेल्या माणसानं त्या भुकेचं बारसं केलं नि भूक देणारा गुपचूप नावातून निसटला.

मेलेल्या पोराच्या कागदावर काय लिहितात बघा. न्यूमोनिया. जुलाब. जन्मतः कमी वजन. भूक कुठंच नाही. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पाच वर्षांखालच्या पोरांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागं अपुरं पोषण असतं. म्हणजे न्यूमोनियानं फक्त दार ढकललं. कडी भुकेनं आधीच काढून ठेवली होती. धडधाकट पोराला चार दिवस जुलाब होतात नि ते पाचव्या दिवशी अंगणात लोळतं. उपाशी पोराला तेच जुलाब होतात नि पाचव्या दिवशी त्याला मूठमाती देतात. जंतू तोच. फरक ताटातला. पण आरोपपत्रात ताटाचं नाव नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं मेली. तो तेव्हा ठाणे जिल्हा होता, आता पालघर. १९९३ साली मेळघाटात कोरकूंची पोरं मेली. पेपरांत फोटो आले. बरगड्या दिसणारं पोर नि शेजारी वाकून बघणारा मंत्री. गाड्या आल्या, धुरळा उडाला, गाड्या गेल्या. हायकोर्टात याचिका झाल्या, तारखा पडल्या, अहवाल आले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ नावाच्या अहवालानं दाखवून दिलं की पोरं मरतात त्यातली कित्येक सरकारी वहीत मरतच नाहीत. म्हणजे आधी जगू द्यायचं नाही नि मग मेल्याची नोंदही करायची नाही. त्या वर्षी जगलेल्या पोरी आज आया झाल्यात. त्यांचं तान्हं आज त्याच काट्याला टांगून मोजतात.

आकडे पायजेत? घ्या, सरकारचेच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९ ते २१. देशातली पाच वर्षांखालची शंभर पोरं उभी करा. ३५ पोरं वयाच्या मानानं बुटकी राहिलेली. १९ पोरं उंचीच्या मानानं वाळलेली. ६७ पोरांच्या अंगात रक्त कमी. सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या शंभर पोरांपैकी पुरेसा आहार फक्त ११ पोरांना. गरोदर बायांत शंभरात ५२ जणींच्या अंगात रक्त कमी.

आता आपला पुरोगामी महाराष्ट्र बघा. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय इथं कुठल्याच पुढाऱ्याचं भाषण सुरू होत नाही. इथं वाळलेली पोरं २०१५-१६ साली २५.६ टक्के होती. २०१९-२१ साली २५.६ टक्के. एक दशांशानंही आकडा हलला नाही. जी अगदीच वाळलेली, मरणाच्या उंबऱ्यावरची, ती ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. समृद्धी, समृद्धी म्हणून जो ढोल वाजतो, तो या पोरांच्या पोटावर वाजतो.

नि या शंभर पोरांना जात नाही असं समजू नका. देशभरात बुटक्या राहिलेल्या पोरांचं प्रमाण आदिवासींत सुमारे ४१ टक्के, अनुसूचित जातींत सुमारे ३९, नि ज्यांना पाहणीत ‘इतर’ म्हणतात त्यांच्यात सुमारे ३०. जन्माला आलेल्या पोराला जात कळत नाही. त्याच्या हाडांना कळते. दाखल्यावर तलाठ्याचा शिक्का बसायच्या आत जात त्याच्या उंचीवर बसलेली असते.

इथं एखादा पांढरपेशा चष्मा पुसत म्हणतो, अहो, हा गरिबीचा प्रश्न आहे, जात कशाला आणता? बरं. आफ्रिकेत जाऊ या. सहाराच्या दक्षिणेकडचे कितीतरी देश भारतापेक्षा गरीब. तिथं दुष्काळ, यादव्या, सगळं. तरी तिथल्या वाळलेल्या पोरांचं सरासरी प्रमाण भारताच्या निम्म्याहून कमी आहे. का? त्यांची जमीन सोन्याची नाही. त्यांच्या आया आपल्या आयांपेक्षा कमी उपाशी असतात. २००५-०६ च्या आकड्यांवर बेतलेला एक हिशेब सांगतो की गरोदर राहण्याच्या वेळी भारतातल्या ४२ टक्के बायांचं वजन गरजेपेक्षा कमी होतं. त्या आफ्रिकेत ते प्रमाण १६-१७ टक्के होतं. म्हणजे गोम नुसत्या गरिबीत नाही. गोम ही की या देशात गरिबाच्या घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते नि गावाच्या उतरंडीत ते घर सगळ्यांच्या शेवटी जेवतं. शेवटच्यातली शेवटची. तिच्या पोटातलं पोर त्याच्याही खाली.

यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण ते यंत्र आहे, नशीब नाही. पोर पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत त्याचं वजन सगळ्यात जास्त वाढतं. नेमकं त्याच तीन महिन्यांत आपली बाई डोक्यावर मोळी घेऊन चालत असते. पोर अडीच किलोच्या खाली जन्मतं. आईच्या अंगात रक्त नाही. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं, म्हणून त्या फळीवर पडून राहतात. मग बाई ‘अडाणी’ ठरते. सहा महिने आईचं दूध. त्यानंतर दुधावर भागत नाही, वरचं अन्न लागतं. पोराचं पोट मुठीएवढं. पातळ पेज भरली की ते भरतं नि तासाभरात रिकामं होतं. त्याला घट्ट, तेलातुपाचं, डाळीचं, अंड्याचं, दिवसातनं चार-पाच वेळा भरवावं लागतं. आता चार-पाच वेळा भरवणार कोण? भरवणारी फडात आहे. गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतचे हे हजार दिवस. या हजार दिवसांत जे बुडालं ते पुढं शाळेत, नोकरीत, आरक्षणात कुठंच पुरतं भरून निघत नाही. आपण शिका म्हणतो. शिकणारा मेंदू मात्र आईच्या ताटात घडतो.

माझी आई ऊस तोडायला जायची. दिवाळी झाली की टोळी निघायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एकटी मोजलीच जात नाही, ती अर्धा कोयता. मुकादमाची उचल आधीच खाल्लेली, म्हणून पहाटे चारला उठायचं. खाडा झाला की पैसे कापणार. कोपीत चूल, चुलीवर भाकरी नि तिखट-मीठ. धाकटी बहीण फडाच्या कडेला वाड्याच्या सावलीत झोपवलेली. तिचं वजन कुणी केलं नाही, कारण आमची अंगणवाडी गावात नि आम्ही दोनशे मैलांवर फडात. गावातल्या वहीत आम्ही ‘स्थलांतरित’. कारखान्याच्या वहीत आम्ही मुकादमाचे. पोरगी कुणाच्याच वहीत नाही. पालघरच्या कातकऱ्यांचं वीटभट्टीवर हेच होतं, मेळघाटच्या कोरकूंचंही हेच होतं. पाडा रिकामा झाल्यावर पाड्यावर योजना पोचते. आणि पोरींची लग्नं लवकर का होतात, कधी विचारलंय? कोयत्याला जोडी लागते म्हणून. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी जवळपास २२ टक्के अठराच्या आत उजवलेल्या. सतराव्या वर्षी बाळंत होणारी पोर स्वतःच अजून वाढत असते. एका ताटात दोन पोरं जेवणार, ताट आधीच अर्धं. आणि २०१९ साली सरकारी समितीपुढं बीडचा हिशेब आला तेव्हा तपासलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको. साखर गोड लागते ना?

आता कायदा बघू. आपल्याला कायदा आवडतो, बापाचा आहे. १९२८ च्या जुलैत बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलायला उभे राहिले. बाईला बाळंतपणाच्या आधी नि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, नि याचा बराचसा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. चवदार तळ्यानंतर वर्ष-सव्वा वर्षातली ही गोष्ट. म्हणजे पाण्याच्या लढाईची धूळ अंगावर असतानाच हा माणूस बाळंतिणीच्या पगाराबद्दल बोलत होता. आपल्या जयंतीच्या बॅनरवर हे येतं कधी?

२०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला. त्यात लिहिलंय, सरकारी नोकरीसारखा लाभ आधीच मिळत नाही अशा प्रत्येक गरोदर नि स्तनदा बाईला किमान ६००० रुपये. पहिलं की दुसरं असं काही तिथं लिहिलेलं नाही. २०१७ साली योजना काढली, त्यात ५००० केले आणि फक्त पहिल्या खेपेला. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६०००. दुसरा मुलगा झाला तर? तिसरं झालं तर? त्या बाईचं रक्त आटत नाही? संसदेनं दिलेलं योजनेनं कापलं. गावचा सावकार असंच करायचा. कागदावर एक, हातात एक.

कायदा म्हणतो गरोदर बाईला रोज ६०० कॅलरी नि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं द्या. पैसे किती? २०१७ साली दर ठरला. पोरामागं रोज ८ रुपये. बाईमागं साडेनऊ. अगदी वाळलेल्या पोरामागं १२. आठ रुपयांत मुंबईत कटिंग चहा येत नाही. आणि हे आठसुद्धा पोराच्या तोंडापर्यंत पोचेपर्यंत किती हातांतून गळतात? २००४ साली सुप्रीम कोर्टानं बजावलं, अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार घालू नका, गावच्या बायांना, बचत गटांना काम द्या. आमच्या राज्यात महिला मंडळाची पाटी लावून ठेकेदारच बसले. २०१९ साली सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्रातली सुमारे ६३०० कोटींची घरपोच आहाराची कंत्राटं रद्द करावी लागली. मी ते पाकीट पाहिलंय. शिऱ्याचं पीठ. वासानंच पोर तोंड फिरवतं. आमच्याकडं ते म्हशीला घालतात नि म्हैससुद्धा विचार करून खाते. पाकिटावर मात्र हसरं गुबगुबीत पोर छापलेलं.

मग अंडं द्या ना! एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, ठेकेदाराला त्यात मारायला जागा नाही. म्हणूनच नको असेल. पण सांगतात काय? भावना दुखावतात. मध्य प्रदेशात २०१५ साली मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडं येऊ दिलं नाही. महाराष्ट्रात शाळेच्या जेवणात २०२३ साली आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला नि म्हणालं, लोकवर्गणीतून द्या. रस्त्याला पैसा आहे, पुतळ्याला आहे, जाहिरातीला आहे. अंड्याला वर्गणी! तामिळनाडूत १९८२ पासून सरकार पोरांना शिजवलेलं जेवण देतंय, त्यात पुढं अंडंही आलं. तिथं बुटकी राहिलेली पोरं २५ टक्के, इथं ३५. देव तिथंही आहेत, भावनाही आहेत.

आणि बैलाचं मटण? १९९५ चा कायदा, २०१५ साली राष्ट्रपतींची सही, संपलं. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त मांस एका सहीनं गेलं. १९२७ साली महाडात बाबासाहेब म्हणाले, मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका. आपल्या लोकांनी ते सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं. तो आपला निर्णय होता, माणूस म्हणून ताठ उभं राहण्याचा. हा निर्णय दुसऱ्यानं आपल्यावर लादलेला आहे. ज्यांच्या पोरांना दूध-तूप-पनीर आहे, त्यांनी आमच्या पोरांना पावित्र्य खायला घातलं. पावित्र्यात प्रथिनं किती ग्रॅम असतात, सांगा भडव्यांनो?

अंगणवाडीची जागा बघा. योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधीजयंतीला. माझ्या लहानपणी आमच्या गावची अंगणवाडी वरल्या आळीत देवळाच्या ओसरीवर भरायची. आम्ही पायरीच्या खाली. खाऊ वरून ओंजळीत पडायचा. निम्मा मातीत. आई म्हणायची, ‘जाऊ नगं बाबा तितं, उपाशी ऱ्हा.’ सुप्रीम कोर्टाचे २००४ चे नि २००६ चे आदेश आहेत, दलित-आदिवासी वस्त्यांना अंगणवाडी आधी द्या. शाळेच्या स्वयंपाकाला दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्या, हाही आदेश २००४ चाच. आदेश का काढावे लागले? कारण आपल्या बाईनं शिजवलेलं खायला गाव नाही म्हणतं. म्हणजे चुलीवर जात, पायरीवर जात, पातेल्यात जात. आणि पोर वाळलं की म्हणायचं, आईला आहारशास्त्र कळत नाही!

ती अंगणवाडी चालवणारी बाई तरी कुठं सुखात आहे? तिला पगार नाही, मानधन. मान किती नि धन किती ते तिलाच विचारा. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४, पन्नासेक दिवस या बाया संपावर होत्या. त्यांना नोटिसा गेल्या, कामावरून काढू म्हणून. आता तिच्या हातात मोबाईल दिलाय. जुलै २०२५ पासून पाकीट द्यायचं तर आधी बाईचा चेहरा मोबाईलला ओळखू द्यायचा. डोंगरात रेंज नाही, चेहरा उमटत नाही, पाकीट नाही. हजारो वर्षं या देशानं आमच्या बाईचा चेहरा ओळखला नाही. आता म्हणतो, मशीन ओळखेल तेव्हा जेव.

आता तुमच्याकडं येतो. हो, तुमच्याकडंच. वरळी, नायगाव, चेंबूर, घाटकोपर, पिंपरी, इंदोऱ्यातल्या दोस्तांनो. मीटिंगमध्ये हा विषय काढला की कुणीतरी हळूच म्हणतं, हा महिला आघाडीचा प्रश्न. दुसरा म्हणतो, हा आदिवासींचा प्रश्न. वा रे क्रांतिकारक! मुंबईत नळ सोडलास की जे पाणी येतं ना, त्यातलं पुष्कळसं शहापूर-मोखाड्याच्या डोंगरातून येतं. तुझी तहान त्या डोंगरानं भागवायची नि तिथलं पोर वाळलं की तो त्यांचा प्रश्न? आणि आपल्या गावच्या वस्तीत जा, भावजयीचा दंड हातात धरून बघ. बोटात मावतो. तोही महिला आघाडीकडं पाठवणार?

नामांतरासाठी १९७८ ते १९९४ आपली माणसं सोळा वर्षं लढली. डोकी फुटली, घरं जळाली, माणसं मेली, पण हटली नाहीत. कारण नाव ही अस्मिता होती. मला सांगा, अडीच किलोचं पोर ही अस्मिता नाही? १८७६-७७ च्या दुष्काळात जोतिबा-सावित्रीबाईंनी नि सत्यशोधकांनी उपाशी पोरांसाठी जेवणाची केंद्रं चालवली. त्यांना कुणी म्हणालं नाही की हे समाजसेवकांचं काम. ब्राह्मण्याशी लढणं नि पोराला भरवणं ही त्यांच्यालेखी एकच लढाई होती.

तेव्हा बोलायचं ते मुद्द्याचं बोलू.

एक. पोर मेलं की मृत्यूच्या नोंदीत त्याचं वजन, दंडाचा घेर, आईचं रक्त लिहा. भुकेचं नाव कागदावर आणा. नाव आलं की जबाबदार येतो.

दोन. २०१३ च्या कायद्यातला पैसा प्रत्येक बाळंतिणीला, प्रत्येक खेपेला, पुरता. कापलेला परत.

तीन. पाकीट बंद. वस्तीतच चूल, वस्तीतल्या बायांच्या हातचं गरम जेवण, रोज अंडं. आदिवासी भागात २०१५ पासून ‘अमृत आहार’ योजनेत गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण द्यायचं ठरलंय. म्हणजे सरकारला हे जमतं. ते तिथं नीट द्या नि आमच्या वस्तीतही द्या.

चार. फड नि वीटभट्टी जिथं, अंगणवाडी तिथं. खर्च कारखान्यानं नि भट्टीवाल्यानं द्यायचा. गरोदर बाईला खाडा माफ, मजुरी चालू. बाई पुरा कोयता मोजा.

पाच. अंगणवाडीच्या बाईला पगार द्या. मान आपण देऊ.

आणि हे मागायला निवेदन घेऊन साहेबाच्या केबिनबाहेर बसायचं नाही. येत्या सुट्टीत गावाला जाल, तेव्हा यात्रेला जायच्या आधी अंगणवाडीत जा. वही मागा. काटा मागा. आपल्या वस्तीतली पोरं एकेक करून काट्यावर ठेवा. दंडाला पट्टी लावा. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला तर ते पोर मरणाच्या वाटेवर आहे. त्याला त्याच दिवशी उचलून दवाखान्यात न्या, नि मग ती यादी घेऊन पंचायतीच्या दारात बसा. नुसती घोषणा त्यांना पचते, गेली कित्येक वर्षं ते पचवत आलेत. वजनाची यादी पचत नाही. त्यांना वही दाखवा. वहीत आपल्या पोरांची नावं असतील, वजनं असतील, नि खाली सही कुणी करायची ती जागा रिकामी असेल. सही होईपर्यंत उठायचं नाही.

घरी गेल्यावर आणखी एक करा. ताटं वाढताना आईला, बायकोला, वहिनीला आधी बसवा. म्हातारी म्हणेल, ‘आसं कुटं आस्तंय व्हय?’ तिला सांगा, आता असंच आस्तंय.

जयभीम.